स्विमिंग पूल सॉल्ट सिस्टिमवर न्यायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अलिबागजवळच्या आमच्या घरी साधारण ५०,००० लिटरचा पूल आहे. सध्या क्लोरीनच्या पावडरवर चालतो. पावडर टाकताना उडणाऱ्या भपकाऱ्याने बाबांना खोकल्याची उबळ येते, म्हणून सॉल्ट क्लोरिनेटर बसवायचं चाललंय. त्यातही क्लोरीनच असतं, फक्त ते मिठापासून सेलमध्ये, म्हणजे वीज सोडलेल्या प्लेटांच्या डब्यात, तयार होतं, हे माहीत आहे. लिटरला ३ ते ४ ग्रॅम मीठ, म्हणजे आम्हाला एकदम १५० ते २०० किलो लागेल.

खरी काळजी पाण्याची आहे. आमचं बोअरचं पाणी फार जड. नळाच्या तोंडावर पांढरा थर इतका घट्ट बसतो की चाकूने खरवडावा लागतो. सॉल्ट सिस्टिममध्ये पीएच सतत वर चढतो, मग हाच क्षार सेलच्या टायटॅनियम प्लेटांवर बसणार ना? असं पाणी असणाऱ्यांनी कृपया सांगा, सेल ॲसिडने किती दिवसांनी धुवावा लागतो? आणि त्याने प्लेटांवरचा लेप लवकर जातो का?

दुसरं, पुलाची शिडी ३०४ स्टीलची आहे. ती खाऱ्या पाण्यात जास्त टिकणाऱ्या ३१६ स्टीलची करून घ्यावी का? काठाला सँडस्टोन आहे, त्याला सीलर पुरेल की दगडच बदलावा?

इकडे मिठागराचं खडेमीठ सहज मिळतं, पण त्यात मॅग्नेशियम आणि माती असते. विक्रेता म्हणतो चालेल, मला ते पटत नाही. कुणी वापरलंय का?

पावसाळ्यात पूल भरून वाहतो, तेव्हा मिठाचं प्रमाण कसं सांभाळता तेही सांगा. काम दिवाळीआधी उरकायचंय.