मदत हवी आहे : सी६ चे मागे राहिलेले प्यादे, बी५ नेमके कधी खेळावे?

मंडळी, बुद्धिबळातल्या क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड या सुरुवातीच्या एक्स्चेंज प्रकारात (डी४ डी५, सी४ ई६, मग सीxडी५ ईxडी५; x म्हणजे मारणे) काळ्याच्या बाजूने एक निर्णय पक्का होत नाहीये.

काळ्याचे प्यादे सी६ वर असते आणि पांढरा आपले बी प्यादे बी४-बी५ असे ढकलतो. बीxसी६ बीxसी६ होऊ दिले तर सी६ अर्ध्या उघड्या पट्टीवर (जिथे पांढऱ्याचे प्यादे उरलेले नाही) कायमचे लक्ष्य बनते, शिवाय पांढऱ्याचा घोडा ए४ वरून सी५ ला येऊन बसतो. आपणच सीxबी५ मारले तर डी५ एकाकी पडते आणि बी७ सुद्धा सांभाळावे लागते. हे मला जास्त वाईट वाटते.

म्हणून पांढऱ्याचे प्यादे बी४ वर असतानाच आपण बी५ खेळून डी७ चा घोडा बी६ मार्गे सी४ वर न्यायचा, म्हणजे सी पट्टी बंद. आपले ए५, पांढऱ्याचे ए३, मग ए-प्याद्यांची अदलाबदल आधीच झाली असेल तर पांढऱ्याला ए४ चा धक्काही उरत नाही.

अडचण वेळेची आहे. आपला घोडा पोहोचायच्या आत एनई५ (पांढऱ्याचा घोडा ई५ वर) आले तर सी१ चा हत्ती आणि तो घोडा मिळून सी६ वर तुटून पडतात. मग घोडा आधी बी६ वर आणून नंतरच बी५ करावे का? आणि पांढऱ्या घरांचे उंट आधी बदलून घ्यावेत का? डी३ चा उंट राहिला तर पांढरा त्याने सी४ वरचा घोडा मारून लगेच ई४ करतो. चालींच्या क्रमासह सांगा.