एका म्यानात दोन तलवारी: तुमचे अनुभव

माळ्यावरचा पसारा
माळा आवरताना दोनशे पानी वही सापडली. नववीत असताना मी तिच्यात 'कादंबरी' लिहिली होती. नायक अर्थातच दोन्ही हातांत तलवारी घेऊन लढणारा. दोन्ही सारख्याच लांब, दोन्ही आजोबांच्या. भाची माझ्याआधी वाचायला बसली. चौथ्या पानावर मान वर करून म्हणाली, "मामा, हा घोड्यावर बसलाय ना? मग लगाम कोणी धरलाय?"

मी निरुत्तर. पुढची प्रकरणं चाळली तर आणखीच पंचाईत. हा माणूस दार उघडतो, जखमी मित्राला खांद्यावर घेतो, राजकन्येचं पत्र वाचतो. तलवारी खाली ठेवल्याचा उल्लेख कुठेच नाही.

तर लिहिताना, नाटकात, खेळात, कुठल्या वर्गात, दोन तलवारींशी तुमचा कधी संबंध आला असेल तर सांगा. खरंच जमतं का हे?

डावखुरी
पत्र दातात धरलं असेल हो. पण मग वाचलं कसं? खिक्क.

तिरपी रेघ
कॉलेजच्या नाटकात मी खलनायक होतो. दिग्दर्शकाला दोन तलवारी हव्या होत्या, 'दिसायला भारी' म्हणून. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मुठीला सुतळी. तालमीत आम्ही आकडे म्हणत लढायचो. एकला डोक्यावर, दोनला कमरेवर, तीनला मी वळणार. एका तलवारीने आठ दिवसांत बसलं. दुसरी हातात आल्यावर तीनला वळलो की डावी माझ्याच उजवीवर खण्णकन आपटायची. प्रयोगाच्या दिवशी तर ती अंगरख्याच्या घोळात शिरली आणि मी स्वतःलाच शिवून घेतल्यासारखा उभा. नायक बिचारा वार करायचा थांबला आणि हळूच म्हणाला, "काढ, काढ, मी थांबतो."

त्या रात्रीची सगळ्यात मोठी टाळी त्यालाच पडली.

मुकी मैना
"काढ, काढ, मी थांबतो" 😂😂 ऑफिसात हसले, सगळे वळून बघतायत

अर्धा चष्मा
मी काही वर्षं केंदो (जपानी तलवारबाजीचा खेळ) केलं. दोन शिनाई, म्हणजे बांबूच्या तलवारी, घेऊन खेळणारे (नितो म्हणतात) फार कमी दिसतात. आमच्याकडे एकच काका होते. पहिल्यांदा समोर आले तेव्हा वाटलं, हातात दोन आहेत म्हणजे दोन्हींनी मारणार. तसं काही नाही. छोटी पुढे धरून ते माझं टोक नुसतं बाजूला दाबून ठेवायचे, मोठी डोक्यावर स्थिर. मी छोटीच्या नादी लागलो की मोठी खाली. मोठी ११४ सेंमीपर्यंत असते, छोटी ६२ पर्यंत, म्हणजे जेमतेम निम्मी. दोघींची कामंच वेगळी.

पण एका हाताने मारलेला फटका पंचांना पटायला हवा, नुसता लागून चालत नाही. काकांचे कितीतरी फटके वाया जायचे. मला शिकवा म्हटलं तर म्हणाले, आधी दोन हातांनी एक नीट धर.

माळ्यावरचा पसारा
@अर्धा चष्मा, म्हणजे माझ्या नायकाची एक तलवार कापून निम्मी करावी लागणार. आजोबांचा आत्मा तळमळेल.

भुईनळा
मुसाशी राहिला की. जपानी तलवारबाज मियामोतो मुसाशी, दोन तलवारी म्हटलं की त्याचंच नाव. गंमत म्हणजे १६४५ च्या 'गो रिन नो शो' या आपल्या पुस्तकात तो दोन तलवारींचं समर्थन कशाने करतो? घोड्यावर, दलदलीत, खडकाळ वाटेवर, गर्दीत एकच तलवार दोन्ही हातांनी धरणं अडचणीचं होतं, म्हणून एका हाताने चालवायची सवय हवी. ती लावायला दोन्ही हातांत एकेक. म्हणजे धागाकर्त्याच्या भाचीचा प्रश्न त्यालाही पडला होता.

आणि प्रतिस्पर्धी तलवारबाज कोजिरोबरची त्याची गाजलेली लढत? कथेनुसार वल्हं तासून केलेली एकच लाकडी तलवार होती.

साडेतीन अक्षरं
आपला अर्जुन सव्यसाची होता ना पण?

भुईनळा
होता, पण ते धनुष्याचं. दोन्ही हातांनी बाण सोडता यायचे. दोन धनुष्यं घेऊन नव्हता उभा राहत.

साडेतीन अक्षरं
बरं बाबा. दूध उतू गेलं तुझ्या नादात.

डावखुरी
आता गंभीरपणे. मी डावरी आहे, युरोपियन पद्धतीची तलवारबाजी शिकते, उजव्या हातात खंजीर. सगळ्यांना वाटतं दुसरा हात म्हणजे दुसरा वार. नाही हो. दुसऱ्या हाताचं काम नव्वद टक्के राखण. समोरच्याचं पातं खंजिराने अडवायचं, तेवढ्यात आपली तलवार आत. त्यातही कसरत अशी की नुसती तलवार असली की मी तिरकी उभी राहते, अंग कमी दिसतं, हात लांब पोचतो. दुसरा हात कामाला लावायचा तर खांदे समोर वळवावे लागतात. तेवढ्यात चार बोटं पल्ला गेला. समोरचा नुसत्या तलवारीने तेवढ्यावरच मारून जातो. मांडीवर वळ आहे, फोटो टाकत नाही.

खोडरबर
नव्वद टक्के कुठून काढलेस? 😄

डावखुरी
वळ मोजून.

खोडरबर
मग सारख्या लांबीच्या दोन कधीच कोणी वापरल्या नाहीत का? मी वाचलंय की वापरायचे.

डावखुरी
वापरायचे की. इटलीत तलवारबाजीचा उस्ताद मारोत्झो याच्या १५३६ च्या पुस्तकात दोन तलवारींचा भाग आहे, दी ग्रासीच्या १५७० च्या पुस्तकातही. पण दी ग्रासी बजावतो की ज्याचा डावा हात उजव्याइतकाच तयार नाही त्याने या फंदात पडू नये. आणि धाग्याच्या नावावर हरकत. त्या जोडीच्या तलवारी आतल्या बाजूने सपाट करायचे, एकाच म्यानात शेजारी शेजारी बसाव्यात म्हणून. दक्षिण चीनमधल्या आखूड फुलपाखरी तलवारींचंही तेच. एका म्यानात दोन अगदी सुखाने राहतात.

मुकी मैना
म्हणीला सुरुंग! सासूबाईंना दाखवते हे. आमच्या घरात ही म्हण आठवड्यातून एकदा तरी निघते, म्यान म्हणजे स्वयंपाकघर.

साडेतीन अक्षरं
@मुकी मैना, दोघींपैकी आखूड कोण?

मुकी मैना
उत्तर देत नाही. त्या माझा फोन बघतात.

उशिरा आलेला
फासे टाकून खेळायच्या रोलप्ले खेळात माझं पात्र तीन वर्षं दोन तलवारीवालं होतं. नियमाने दुसऱ्या हाताच्या वाराला ताकदीची बेरीज मिळत नाही. हिशेब केला तर मोठी तलवार दोन्ही हातांत धरणारा मित्र माझ्यापेक्षा जास्त नुकसान करायचा, आणि ढालवाला मरतच नव्हता. तरी मी बदललं नाही. दोन फासे टाकायची मजा वेगळीच.

तिरपी रेघ
ढालीचं कोणी बोलतच नाही. कारण ढाल दिसायला कंटाळवाणी. आमचा दिग्दर्शक म्हणाला होता, ढाल घेतलेला खलनायक भित्रा वाटतो. अरे, पण ढाल नुसती धरली तरी अर्धं अंग झाकतं. दुसऱ्या तलवारीने तेवढं झाकायला प्रत्येक वेळी बरोबर क्षणी हलवावी लागते.

खोडरबर
वजनाचं माझं ऐका. एका हाताची तलवार साधारण किलोभराची असते, 'एवढीच?' म्हणून मी हसलो होतो. मग लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन हात पुढे ताणून उभा राहिलो. मिनिटाच्या आत डावा खांदा थरथरायला लागला. उजवा ठीक. म्हणजे लढाईच्या दुसऱ्या मिनिटाला वहीतल्या नायकाची डावी तलवार गुडघ्याशी आलेली असणार. (तलवारीचा तोल मुठीजवळ असतो, बाटलीइतकी छळत नाही, हे माहीत आहे. सांगायला येऊ नका.)

अर्धा चष्मा
सांगायलाच आलो होतो.

गवताची काडी
दांडपट्टा विसरलात सगळे. दोन्ही हातांत पट्टे घेऊन फिरणारे मी पाहिलेत, अगदी जवळून. हात कोपरापर्यंत पोलादी खोबणीत, मूठ आत आडवी, मनगट वळतच नाही. पातं लांब आणि लवचीक. त्यामुळे सगळं खांद्यातून आणि कमरेतून, गोल गोल. तिथे एकाशी टोकाला टोक भिडवायचं नसतं, चारी बाजूंनी कोणाला जवळ येऊ द्यायचं नसतं. दोन पट्टे फिरायला लागले की सूं सूं आवाजानेच आपण दोन पावलं मागे सरतो. कथेत एकटा नायक गर्दीत सापडला असेल तर हे द्या त्याला. पण पट्टा घातलेल्या हाताने पत्र उघडता येत नाही, आधीच सांगते.

डावखुरी
@गवताची काडी, हे मस्त. एकाशी द्वंद्व आणि गर्दी पांगवणं, दोन वेगळी गणितं.

मुकी मैना
मी तबला शिकत होते लहानपणी. गुरुजी म्हणायचे, डावा उजव्याची नक्कल करतो, त्याला आधी वेगळा संसार थाटून द्या. सहा महिने नुसता डग्गा. तलवार नाही, पण आठवलं.

खोडरबर
हेच तर लिहायचं असतं. कथेत ते सहा महिने कोणी दाखवतच नाही. गुरू दोन तलवारी देतो, पुढच्या परिच्छेदात पोरगं तयार.

उशिरा आलेला
पसारासाहेब, वहीची पानं स्कॅन केलीत का? पेन्सिलचं लिखाण उडतं. माझं गेलं.

माळ्यावरचा पसारा
पेन आहे, पण मागच्या पानावर उमटलंय. कुठलं ॲप वापरता?

बाकी अपडेट: भाचीने प्रकरण दुरुस्त करायला घेतलंय. नायक आता एका हाताने लगाम धरतो. दुसरी तलवार खोगिराला बांधलेली आहे आणि ती राजकन्या पळवते. मी म्हटलं, अगं, ती आजोबांची आहे. तर म्हणाली, "आजोबा तिचेही असू शकतात ना?"

डावखुरी
पुढचं प्रकरण कधी?

माळ्यावरचा पसारा
सोमवारी तिचा गणिताचा पेपर आहे. त्यानंतर.