एसी मशीनसाठी असतो हो!
पुतण्याने एमबीबीएसनंतर एमडीला रेडिओलॉजी (स्कॅन, सोनोग्राफी बघून निदान करायची शाखा) घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. त्यावर 'एसीत बसायचं, इमर्जन्सी नाही, पैसा बक्कळ' असं वर एकांनी लिहिलंय, म्हणून थोडी भर.

इमर्जन्सीचं म्हणाल, तर रात्री दोनला आलेला डोक्याचा सीटी रेडिओलॉजिस्टच बघतो. दोन-तीन आठवड्यांपूर्वी पडलेल्या आजोबांचं सबड्युरल (कवटी आणि मेंदूच्या मधे साचलेलं) रक्त स्कॅनवर अगदी मेंदूच्याच रंगाचं दिसू शकतं. मेंदूच्या एका बाजूच्या वळ्या कवटीपर्यंत पोचत नाहीयेत, एवढाच काय तो धागा. तो हाती लागला की न्यूरोसर्जन कवटीला भोक पाडून रक्त काढतो आणि बहुतेकदा आजोबा चालत घरी जातात. पेढे अर्थात सर्जनला! श्रेयाची हौस असेल तर दुसरी शाखा बघावी.

खरी डोकेदुखी सोनोग्राफीची. १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानबंदीच्या) कायद्याप्रमाणे गर्भवतीच्या सोनोग्राफीला एफ फॉर्म, म्हणजे तपासणीच्या नोंदीचा अर्ज, लागतो; त्यातली त्रुटीसुद्धा कायद्याचा भंग मानतात आणि तसं नाही हे डॉक्टरनेच सिद्ध करायचं. कायदा हवाच, महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच केला होता. पण लिंगनिदान करणारा आणि एखादा रकाना राहून गेलेला, दोघांना एकाच तागडीत तोलणं मला पटत नाही.

एआयबद्दल म्हणाल, तर रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा, असं एआयमधले नामवंत संशोधक जेफ्री हिंटन २०१६ मध्येच म्हणाले होते. काम काही कमी झालेलं नाही.

तुमच्या पुतण्याचा रँक लागत असेल तर जरूर घेऊ दे. फक्त एमडीच्या तीन वर्षांत सोनोग्राफीवर हात बसवू देतात का, हे त्या कॉलेजच्या रेसिडेंटांना आधी विचारा.