टेस्टच्या तक्त्यात ४० ओळी: वाचणाऱ्याची सोय की लिहिणाऱ्याची?

मांजराकाठ:
लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर आम्ही पाच जण सांभाळतो. भाषा पायथन; टेस्ट, म्हणजे कोड बरोबर उत्तर देतो का हे तपासणारे छोटे तुकडे, पायटेस्टवर चालतात. माल किती क्विंटल, ओलावा किती, हमाली-तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हातात किती, एवढंच त्याचं काम. पण रुपया इकडचा तिकडे झाला तर ज्याचा माल आहे तो माणूस दुकानात उभा राहून जाब विचारतो, आणि तो बरोबर असतो. म्हणून टेस्टकडे मी कधी वरवर बघत नाही.

मागच्या आठवड्यात सोयाबीनच्या घटीची, म्हणजे जास्त ओलाव्यापोटी होणाऱ्या कपातीची, टेस्ट फेल झाली. स्क्रीनवर आलेलं नाव असं: टेस्ट घट, पुढे चौकोनी कंसात १२.०-०-ट्रू-नन-फॉल्स. उघडून बघितलं तर ४० ओळींचा पॅरामेट्राइझचा तक्ता (एकच टेस्ट प्रत्येक ओळीतले आकडे घेऊन पुन्हा चालते), पाच रकाने, आणि टेस्टच्या पोटात चार इफ, म्हणजे 'असं असेल तर तसं' अशा अटी. एक रकाना तर फक्त 'इथं एरर अपेक्षित आहे का' हे सांगायला ठेवलेला. मोडलं काय, हे कळायलाच पाऊण तास गेला.

माझं मत ठाम झालंय. पॅरामेट्राइझ टेस्टच्या पोटात इफ नकोच. फंक्शन एकदा बोलवायचं, उत्तर एकदा तपासायचं, संपलं. इफ लागला म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एका तक्त्यात कोंबल्यात. आणि प्रत्येक ओळीला आयडी, म्हणजे रिपोर्टमध्ये दिसणारं नाव, हवा: 'ओलावा बरोबर १२, घट नाही', 'ओलावा १२.१, घट सुरू'. ओळ फेल झाली की कोड न उघडता कळलं पाहिजे. कुणाला पटत नसेल तर सांगा.

गोदातीर नांदेड:
मला पटत नाही. आयडी देऊन तक्ता सुधारत नाही, मुळात तक्ताच कामून पाहिजे? पाच केस असतील तर पाच टेस्ट लिहा. नाव फंक्शनलाच द्या. वरून खाली वाचलं की समजतं. कोणता आकडा कोणत्या रकान्यातला, हे बोट ठेवून मोजावं लागत नाही. मूळ कोडमध्ये एकच गोष्ट दोनदा लिहू नये हे मान्य, पण टेस्टमध्ये चार ओळी पुन्हा आल्या तर बिघडतं काय? टेस्ट म्हणजे साक्ष. प्रत्येक साक्षीदारानं आपली गोष्ट पूर्ण सांगावी.

बालाघाट:
नांदेडकर, पाच वेगळ्या टेस्ट लिहायच्या म्हणलं की माणूस दोनच लिहितो. माझा अनुभव सांगतो. पट्टीची शेवटची रक्कम पूर्ण रुपयात आणायची, ५० पैसे आले की वरचा रुपया. आमची एकच सुटी टेस्ट होती: १८४३.५० चे १८४४. पास. वर्षभर पास. नंतर तक्ता केला आणि सहज शेजारची ओळ घातली, १८४२.५० चे १८४३. फेल! पायथनचा राउंड बरोबर मधल्या आकड्याला जवळच्या सम संख्येकडे नेतो, म्हणून तो १८४२ देत होता. पहिली टेस्ट निव्वळ नशिबानं पास होत होती. डेसिमल (पायथनचा नेमका दशांश आकडा) घेऊन राउंड हाफ अप, म्हणजे अर्धा आला की वर, लावलं तेव्हा सुटलं. तक्त्यात ओळ वाढवायला दहा सेकंद लागतात, म्हणून ती ओळ आली. वेगळी टेस्ट लिहायची असती तर कुणी लिहिली नसती.

मोसंबीवाला जालना:
मी जावावाला, टेस्टला जेयुनिट ५. माझा आक्षेप उलट बाजूनं आहे. तक्ता मोठाच असू द्या. आम्ही केस सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामानं रकाने पाडलेली साधी फाइल) ठेवतो आणि दुकानाच्या मुनीमकाकांना ती छापून देतो. त्यांना कोड येत नाही, पण पट्टी येते. त्यांनी लाल पेनानं दोन ओळींचं उत्तर दुरुस्त करून दिलं: तोलाई पोत्यावर धरायची होती, आम्ही क्विंटलवर धरली होती. सुट्या फंक्शनमधून काकांना हे दिसलं असतं का? मांजराकाठ, तुम्ही तक्ता तोडलात तर त्यांच्या हातात काय द्याल?

मांजराकाठ:
जालनेकर, हे मी धरलंच नव्हतं. हिशोबाच्या ओळी एकत्र राहू द्याव्यात, मान्य. पण ऋण वजन, रिकामा ओलावा, यांचं उत्तर रक्कम नसून एरर आहे. मुनीम त्यांची पट्टी बनवतच नाही. त्या ओळी दुसऱ्या टेस्टमध्ये गेल्या की चारपैकी तीन इफ आपोआप जातात.

आणखी एक. आमच्या तक्त्यात अपेक्षित उत्तराच्या रकान्यात चक्क सूत्र होतं, वजन गुणिले भाव वजा घट. म्हणजे कोड चुकला तर टेस्टही त्याच वाटेनं चुकणार. तिथं मुनीमानं मांडलेला आकडाच पाहिजे.

नांदेडकरांना एक विचारतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं हमीभाव खरेदीसाठी सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा त्या हंगामापुरती १२ वरून १५ टक्के केली. सुट्या टेस्ट असत्या तर किती ठिकाणी हात लावला असता?

गोदातीर नांदेड:
जितक्या ठिकाणी लावायला पाहिजे तितक्या! आमच्याकडं तेव्हा तक्ताच होता. एका पोरानं ओलाव्याच्या रकान्यात शोधून सगळीकडं १२ चे १५ केले. '१२.१, घट सुरू' ही ओळ झाली १५.१, पण आयडी तोच राहिला. सगळं हिरवं, म्हणजे पास. चार महिने नाव एक सांगत होतं आणि आकडा दुसरंच. आणि १४ टक्के ओलाव्याला आता घट नाही, ही नवी खरी केस कुणी घातलीच नाही. बालाघाट भाऊंची १८४२.५० ची गोष्ट मात्र खरी आहे, तसल्या नुसत्या आकड्यांना तक्ता मी मान्य करतो. नियमांना नाही.

परभणीची नवी डेव्हलपर:
एक अडचण. मी आयडी मराठीत दिले, कारण आमच्या दुकानदारांना रिपोर्ट वाचायचा असतो. पायटेस्ट अक्षरांऐवजी उलटी तिरकी रेघ, यू आणि आकडे छापतं.

बालाघाट:
ताई, पायटेस्ट इंग्रजी सोडून बाकी अक्षरं मुद्दाम तशी बदलतं. बंद करायची सेटिंग आहे, पण तिच्या नावातच लिहिलंय की ही लावली तर कम्युनिटीच्या मदतीवरचा सगळा हक्क सोडला. मी लावलीये आणि आतापर्यंत काही मोडलं नाही. मुनीमाला 'ओलावा बरोबर १२' असं वाचता येत असेल तर तो धोका मी घेतो.

मोसंबीवाला जालना:
मी घेणार नाही. नाव इंग्रजीत, आणि सीएसव्हीत काकांसाठी मराठीचा वेगळा रकाना.

मांजराकाठ:
मग नांदेडकरांचा पोरगा पुन्हा एकच रकाना बदलणार, आणि दुसरा जुनाच राहणार.