ऑइलचा लाल दिवा लागला की गाडी तिथंच थांबवा

भाऊ, डिपस्टिकवर ऑइल बरोबर दिसते पण लाल दिवा लुकलुकते, तर आर्वीपर्यंत गाडी न्यावी का, असं तुम्ही विचारलं. अजिबात नेऊ नका, टोचन लावा. डिपस्टिक ऑइल किती ते सांगते, ऑइलचा दाब नाही; लाल दिवा दाब कमी झाला की लागते. माझ्या जुन्या डिझेल गाडीचं हेच झालं. मिस्त्रीनं चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उघडलं तर ऑइल पंपाची जाळी काळ्या गाळानं बुजलेली, बोटाला डांबरासारखा चिकटत होता. मी ५ किलोमीटर तशीच हाकलली होती. बेअरिंगं गेली, क्रँक (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) घासावा लागला. पंप बदलण्याआधी मात्र दिवा लावणाऱ्या ऑइल सेन्सरच्या जागी दाब मोजायचं गेज लावून दाब मोजून घ्या, कधी नुसता सेन्सरच खराब असते. अन् सेकंडहँड गाडी पाहताना इंजिन चांगलं तापू द्या, मग आयडलिंगवर (गाडी उभी, एक्सिलरेटर न दाबता) दिवा पाहा. थंड इंजिनात ऑइल घट्ट असते म्हणून दाब टिकते, दोष दिसत नाही.