आबांची जिल्हा परिषद विसरू नका
कुणीतरी म्हटलंय की आर. आर. आबांना, म्हणजे आर. आर. पाटलांना, शरद पवारसाहेबांनी उचलून थेट मंत्री केलं, खालचं काम काही नव्हतंच. अर्धं खरं आहे, म्हणजे वरचा हात होताच, नाही कोण म्हणतंय. पण १९९० ला तासगावातून पहिल्यांदा आमदार व्हायच्या आधी हा माणूस १९७९ पासून सावळज गटातून सांगली जिल्हा परिषदेत होता, अकरा वर्षं! अंजनीसारखं छोटं गाव, घरात ना साखर कारखाना ना सूतगिरणी, सांगलीत 'कमवा आणि शिका'मध्ये काम करत शिकलेला पोरगा, पुढे वकिलीची पदवी.

आणि ही झेडपीची वर्षं नंतर कामाला आली असं माझं मत. १९९९ ला ग्रामविकास खातं मिळालं, तेव्हा ते काही मलईचं खातं समजलं जात नव्हतं, पण पुढच्याच वर्षी गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघालं. आधी निधी देऊन काम करा असं नाही, तर गावागावांत चुरस लावायची आणि बक्षीस नंतर. आमच्याकडे तपासणी समिती यायची म्हटल्यावर एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन्ही पार्ट्यांची माणसं एकाच गटारीत फावडी घेऊन उतरलेली, आम्ही पोरं शाळेच्या भिंतीला चुना मारतोय, निम्मा अंगावर. गावातली ईर्षा कुठं वापरायची हे मुंबईत बसून नसतं सुचलं राव. डान्सबार बंदी, गृहखातं वगैरे सगळं त्यानंतरचं.