बाबांच्या गालाचं ऑपरेशन: फ्लॅप छातीचा की हाताचा? आणि कुठं करावं?

खानापूरचा_थोरला:
नमस्कार मंडळी. बाबा ६२ वर्षांचे, तंबाखू-चुना आयुष्यभर. डाव्या गालाच्या आतली जखम भरेना म्हणून बायॉप्सी केली, कॅन्सर निघाला. गालाचा आतला भाग आणि मानेतल्या गाठी काढायच्यात. तिथं मनगटाजवळची कातडी किंवा छातीचं मांस लावणार म्हणतात, त्यालाच फ्लॅप म्हणे. जबडा आणि जीभ वाचतील. आईचा एकच प्रश्न, नंतर भाकरी खातील का? ज्यांच्या घरात झालंय त्यांनी सांगा, दवाखानाही सुचवा.

निपाणीची_सून:
आमच्या सासऱ्यांचं छातीच्या फ्लॅपनं झालं. वखारीत जन्म गेला त्यांचा. छातीचं मांस मूळ रक्तवाहिनीसकट मानेतून वर तोंडात वळवतात, त्यामुळं सहसा दगा देत नाही. पण जाड असतं. सुरुवातीला तोंडात कुणी गोळा कोंबलाय असं ते पाटीवर लिहून सांगायचे. पुढं गोळा बसला, मान मात्र त्या बाजूला जरा ओढलेलीच राहिली.

एक कुणी आधी सांगत नाही. छातीवर केस असतील तर ते तोंडातही उगवतात. आमच्या मामंजींना त्याचा लई वैताग. रेडिएशननंतर ते केस बहुतेक गेले.

लावलेल्या कातडीला चटका कळत नाही. चहा कोमट करूनच द्या. घास गालात अडकून बसला तरी पत्ता लागत नाही, म्हणून दर खाण्यानंतर चूळ आणि आरशात बघणं.

वाचा_उपचार_बेळगाव:
मी याच कामात आहे, म्हणून थोडं लांबवते.

गालासाठी हाताचा फ्लॅप पातळ, लवचिक, तोंड उघडायला सोपा. पण तिथली कातडी रक्तवाहिनीसकट कापून मानेतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडावी लागते. सरावाच्या टीमकडं १०० पैकी ९५च्या आसपास फ्लॅप जगतात. बिघडायचं ते बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत. रात्री-अपरात्री फ्लॅपला सुई टोचून रक्त बघतात. लालभडक आलं तर ठीक, काळपट आलं तर शिरेत अडथळा, तसंच परत थिएटरात न्यावं लागतं. म्हणून दवाखाना निवडताना इमारत बघू नका. एवढंच विचारा: मायक्रोव्हॅस्क्युलर सर्जन (बारीक रक्तवाहिन्या जोडणारे) इथलेच का, रात्री थिएटर उघडतं का? उत्तर गुळमुळीत आलं तर छातीचा फ्लॅप बरा. तो कमी दर्जाचा म्हणून नाक मुरडू नका.

आता भाकरी. जबडा आणि जीभ शाबूत, तर सगळं तोंड किती उघडतं त्यावर. ३५ मिलिमीटरच्या खाली गेलं की आखडलं म्हणतात. तंबाखू-सुपारीवाल्यांचं आधीच आखडलेलं असतं, वर रेडिएशननं आणखी आवळतं. आम्ही आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दाढांमध्ये ठेवायला लावतो. ती सोसली की मध्ये एक काडी सरकवायची. सर्जननं हो म्हटल्यावर सुरू करायचं आणि रेडिएशनमध्येही सोडायचं नाही. दुखतंय म्हणून घरचेच दया दाखवतात, तिथंच घोडं पेंड खातं. आधी नाकातल्या नळीनं, मग आंबील, मऊ भात, नंतर आमटीत कुस्करलेली भाकरी. कडक भाकरीचं वचन मी आईंना देणार नाही.

किडके दात रेडिएशनच्या आधी काढून घ्या. नंतर काढले तर जबड्याचं हाड सडायची भीती असते.

शहापूरचा_वाचक:
ठिकाणाबद्दल. बेळगावात नेहरूनगरचं केएलई, हुबळीत नवनगरचं कॅन्सर हॉस्पिटल, नाहीतर मिरज. टाटाला दुसरं मत जरूर घ्या, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पेशंटची सोय होते, नंबर लागला तर. रेडिएशन लागलंच तर ते ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं, आणि पुढं साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. ते तरी घराजवळ बघा.

पैशाचं: आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकचं कार्ड आधी काढा. महाराष्ट्रानं २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली. आपलं गाव त्या यादीत आहे का आणि ठरवलेला दवाखाना योजनेत आहे का, हे आरोग्यमित्राला (दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला) विचारून मगच भरवसा ठेवा. दोन सरकारांच्या भांडणात पेशंट लटकायला नको.

खानापूरचा_थोरला:
सगळ्यांचे आभार. रात्रीच्या थिएटरचं आजच विचारून आलो, सोय आहे. हातच घेणार म्हणतात, डावा. बाबा उजवे. अजून काही?

वाचा_उपचार_बेळगाव:
मनगट दाबून रक्तपुरवठ्याची चाचणी केली का विचारा. आणि आजपासून डाव्या हाताला सलाईन नाही, रक्त काढणं नाही. वॉर्ड बदलला, माणसं बदलली की विसरतात. हातावर पेनानं लिहून ठेवा, कन्नडमध्येसुद्धा.

निपाणीची_सून:
आणि बाबांची तंबाखूची पुडी कुठं कुठं लपवलेली असते ते नातवंडांना विचारा. त्यांना सगळं ठाऊक असतं.